इन्शुरन्समधून झालेलं घराचं काम बोगस निघालं तर

पहिली गोष्ट, काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नका. कॉन्ट्रॅक्टर घाई करणारच, "सही द्या, राहिलेलं उद्या करून देतो", आणि तो उद्या काही उजाडत नाही. आमच्याकडे छत गळून भिंत ओली झालेली, पठ्ठ्याने त्या ओल्या भिंतीवरच पुट्टी मारून रंग दिला, तीन आठवड्यांत पापुद्रे सुटले, नखाने खरवडलं तर आत प्लास्टर भुसभुशीत. म्हणून रंगाआधी मॉइश्चर मीटर (भिंतीतली ओल मोजायचं यंत्र) लावून दाखवायला सांगा आणि रोज फोटो काढा, झाकलं जाणार त्याचे तर नक्कीच.

मग बघा कॉन्ट्रॅक्टर नेमला कोणी. इन्शुरन्स कंपनीने पाठवलेला असेल तर काम नीट करून घेणं बहुतेक वेळा तिच्याच गळ्यात, त्यामुळे त्याच्याशी हुज्जत न घालता क्लेम नंबर टाकून कंपनीला ईमेल करा, फोनवरचं बोलणं हवेत जातं. तुम्ही नेमला असेल तर त्याच्या पैशांचा शेवटचा हप्ता रोखून धरा, तेवढंच काय ते हत्यार. कंपनीवाले ऐकतच नसतील तर बाहेरच्या इंजिनियरचा लेखी रिपोर्ट जोडून कंपनीचा तक्रार विभाग, तिथेही टोलवाटोलवी झाली तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आणि हो, दुसऱ्याकडून तोडफोड करून घेण्याआधी कंपनीला पाहणी करू द्या, नाहीतर पुरावाच गेला.