घरात मोठं आजारपण असताना देवाला धरून कसं राहावं

घरातलं माणूस अचानक दवाखान्यात दाखल होतं, तेव्हा रोजचा नेम सगळ्यांत आधी मोडतो. देव्हाऱ्यात दिवा लावायला घरी कोणी नसतं, हरिपाठाची वेळ डॉक्टरांची वाट पाहण्यात जाते. नेमका याच दिवसांत देवाचा आधार सर्वांत जास्त हवा असतो. मग काही जण घाबरून मोठा संकल्प सोडतात: रोज अकरा माळा, एकवीस दिवस. तिसऱ्या रात्री जागरणानं डोळे मिटतात, माळा राहून जातात, आणि ‘माझ्यामुळेच काही वाईट होईल’ अशी धास्ती बसते. काही जण ‘हे सगळं निस्तरलं की बघू’ म्हणून देवाचं नावच बाजूला ठेवतात.

या दिवसांत नेम लहान करायचा, पण मोडायचा नाही. देव आपला पाठीराखा आहे हा भरवसा विचार करून येत नाही. रोज थोडं नाम घेत राहिलं की तो आतून मुरत जातो, आणि मुरायला त्याला वेळ लागतो.

एका माळेचा नेम

दिवसाला एक माळ, एवढाच नेम ठरवा. माळेत मणी १०८, मेरुमणी वेगळा. वारकऱ्यांचा मंत्र ‘राम कृष्ण हरी’ घ्या, किंवा घरात लहानपणापासून ऐकलेलं कुठलंही नाव घ्या. नवं नाव शोधायची ही वेळ नाही. जिभेला सवय असलेलं नावच घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघतं. नुसतं पुटपुटत गेलं तर एका माळेला चारेक मिनिटं लागतात. श्वासाबरोबर म्हटलं, म्हणजे आत घेताना ‘राम कृष्ण’ आणि सोडताना लांबवून ‘हरी’, तर दहा-बारा मिनिटं. छाती धडधडत असेल तेव्हा दुसरी रीत घ्या. सोडताना श्वास लांबला की हृदयाचे ठोके खाली येतात, आणि मग नाम नुसत्या ओठांवर राहत नाही.

माळ अंगठा आणि मधल्या बोटानं ओढायची, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी ओलांडायचा नाही; तिथून माळ फिरवून परत मागे यायचं. अतिदक्षता विभागात माळ नेऊ नका. तिथे हात पुन्हा पुन्हा धुवायचे असतात, आणि माळ खुर्चीवर, जमिनीवर, खिशात फिरत राहते. त्याऐवजी बोटांची पेरं मोजा: अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं, अशा नऊ फेऱ्या, म्हणजे १०८. डाव्या हाताच्या पेरांवर फेऱ्या मोजा.

घड्याळाची वेळ ठरवू नका. वॉर्डात सात वाजता काय चाललेलं असेल ते कुणाच्या हातात नसतं. नेम एखाद्या कामाला बांधा: सकाळचा चहा झाला की, संध्याकाळच्या गोळ्या दिल्या की, किंवा रात्री वॉर्डातले दिवे मंद झाले की. मध्येच नर्सनं हाक मारली तर उठा. परत आल्यावर कितवा मणी होता ते आठवत नसेल तर हाताला लागेल त्या मण्यापासून पुढे चला. हिशेब चुकल्यानं नाम वाया जात नाही. माळ ओढता ओढता झोप लागली तर लागू द्या. जागणाऱ्या माणसाला ती झोपही हवीच असते.

रुग्णाशेजारी रामरक्षा

रक्षण मागण्यासाठी मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या रामरक्षा म्हटली जाते. बुधकौशिक ऋषींचं हे स्तोत्र ३८ श्लोकांचं आहे. पूर्ण म्हणायला पाठ असलेल्या माणसाला सात-आठ मिनिटं लागतात. पाठ नसेल, किंवा रुग्ण थकलेला असेल, तर चौथ्या श्लोकाच्या दुसऱ्या ओळीपासून नवव्या श्लोकापर्यंतचा भाग घ्या. हेच त्यातलं कवच, आणि ते दीड मिनिटात होतं.

या भागाची बांधणी लक्षात घेतली तर म्हणण्यात जीव येतो. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाकडे सोपवलेला आहे, आणि बहुतेक नावांमागे रामाच्या आयुष्यातला एखादा प्रसंग किंवा माणूस आहे. डोळे सांभाळायला कौसल्येचा मुलगा. कान विश्वामित्रांच्या लाडक्याकडे. कंठ भरतानं वंदिलेल्याकडे, बाहू शिवधनुष्य मोडणाऱ्याकडे, हृदय परशुरामाला जिंकणाऱ्याकडे. गुडघे सेतू बांधणाऱ्याकडे, आणि पाय बिभीषणाला राज्य देणाऱ्याकडे. शेवटी सगळं शरीरच रामाच्या हवाली. ज्यानं आधी कुणाकुणाला सांभाळलं त्याची आठवण ठेवत एकेक अवयव त्याच्या हाती द्यायचा, अशी ही रीत आहे.

म्हणताना घाई नको. प्रत्येक अवयवाच्या नावाला एक श्वास थांबा आणि रुग्णाचा तो अवयव डोळ्यांसमोर आणा. रुग्णाला स्पर्श आवडत असेल तर कपाळावर किंवा तळहातावर हात ठेवा; सलाईन लावलेला हात, टाके आणि नळ्या यांपासून दूर. ऑपरेशन ज्या अवयवाचं आहे तिथे क्षणभर जास्त थांबावंसं वाटतं, ते स्वाभाविक आहे, थांबा. पण तिथेच अडकून राहू नका, पायांपर्यंत पोचा. अर्ध्यात थांबलं की भीती त्याच जागी साचून राहते.

आवाज शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही इतकाच. रुग्ण बेशुद्ध असेल तर तो ऐकतो आहे असं धरूनच म्हणा. आणि रुग्णानं ‘आत्ता नको’ म्हटलं तर उठून बाहेर जा आणि बाकावर बसून म्हणा. रोग्यावर पाठ लादणं हा मोठा दोष आहे, आणि तो प्रेमापोटीच घडतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

हरिपाठाचा नेम असेल तर ज्ञानदेवांचे २७ अभंग एका बैठकीत व्हायलाच हवेत असं नाही. नऊ सकाळी, नऊ दुपारी, नऊ रात्री. टाळ-मृदंगाशिवाय, हळू आवाजात वाचले तर नऊ अभंगांना पाच-सहा मिनिटं पुरतात. ‘हरि मुखे म्हणा’ हे ध्रुपद मात्र प्रत्येक अभंगानंतर घ्या. थकलेलं मन त्या ओळीवर परत येऊन टेकतं. गुरुचरित्राचा सप्ताह या दिवसांत नव्यानं धरू नका. त्याचे सोवळ्याचे, आहाराचे आणि झोपण्याचे नियम दवाखान्याच्या धावपळीत पाळले जात नाहीत, आणि मोडलेला सप्ताह मनाला खात राहतो.

देवाशी भांडायला घाबरू नका

‘त्याची इच्छा’ हे शब्द पहिल्याच रात्री तोंडी आणायची घाई बरी नव्हे. आत भीती असते, राग असतो, आणि वरून ते शब्द ठेवले की भीती दुसरीकडून फुटते: पहाटे तीनला नर्सवर ओरडण्यात, भावाशी पैशांवरून भांडण्यात.

आपल्या संतांनी देवासमोर मन कधी दाबलं नाही. १६३० ते ३२ च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यांचे अभंग वाचा; विठ्ठलाला जाब विचारणारे, त्याच्यावर रुसणारे, त्याला निष्ठुर म्हणणारे अभंग त्यांत भरपूर आहेत. जनाबाई तर विठोबाला शिव्या देते. हे सगळं भरवशाच्या आतलंच आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी कोण भांडतं?

रोज पाच मिनिटं अशी काढा. जिन्यात, गाडीत, गच्चीवर, जिथे कुणी ऐकणार नाही तिथे. देवाला नावानं हाक मारा आणि आपल्या साध्या मराठीत मोठ्यानं बोला. आधी काय झालं ते सांगा. मग कशाची भीती वाटते ते, नाव घेऊन: ‘ती जाईल अशी भीती वाटते’, ‘पैसे पुरणार नाहीत अशी भीती वाटते’. मग काय हवं ते मागा, आडपडदा न ठेवता. रडू आलं तर येऊ द्या. त्यानंतर लगेच उठू नका. पेरांवर एक फेरी, बारा नामं, आणि मग आत जा.

रिपोर्ट म्हणजे देवाचा कौल नव्हे

भरवसा सर्वांत जास्त इथे डळमळतो. सकाळी प्लेटलेट वाढल्या की देव पावला, संध्याकाळी उतरल्या की देव कोपला. आजारात आकडे चढतात-उतरतात, तो आजाराचा स्वभाव आहे. त्यांच्यावर देवाचा चांगुलपणा मोजायला गेलं की माणूस दिवसातून चार वेळा आस्तिक आणि चार वेळा नास्तिक होतो.

त्याऐवजी एक छोटी वही ठेवा. रात्री एकच ओळ लिहा: आज देवाचा हात कुठे दिसला. ‘सगळं ठीक होतं’ असं मोघम नको, घडलेली नेमकी गोष्ट हवी. वॉर्डबॉयनं न मागता दुसरी चादर आणून दिली. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी अर्धी भाकरी पुढे केली. रक्त द्यायला चुलत भावाचा मित्र रात्री अकराला आला. काहीच सापडलं नाही त्या दिवशी तारीख टाकून ओळ कोरी सोडा, खोटं लिहू नका. आठ-दहा दिवसांनी मागची पानं वाचा.

रक्षण म्हणजे आपल्याला काहीच होणार नाही, असं संतांनी कधी सांगितलं नाही. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून गेले. त्यांच्याएवढी भक्ती कुणाची? त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या असं परंपरा सांगते, आणि विठ्ठलाच्या महाद्वारासमोर आजही त्यांची समाधी आहे. तेव्हा ‘तुमची भक्ती कमी पडली’, ‘मागच्या जन्मीचं काही असेल’ असं कुणी भेटायला येऊन म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका. वाद घालायचीही गरज नाही. ‘रुग्णाला झोप लागलीय’ म्हणून त्यांना बाहेर न्या, एवढं पुरे.

नवस, अंगारा, गंडेदोरे

नवस बोलायचाच असेल तर झेपेल असा बोला आणि वहीत लिहून ठेवा. कर्ज काढून फेडावा लागेल असा नवस बोलू नका. आजारातून उठलेल्या घराला तो दुसरं आजारपण होऊन बसतो.

अंगारा कपाळाला लावा, तोंडात घालू नका. तीर्थही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला चमचाभर पाण्यानंही ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत उदबत्ती किंवा निरांजन अजिबात नको. मनगटाचा दोरा सुई लावताना कापला गेला तर अपशकुन नाही. ऑपरेशनआधी गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागली तर वारकऱ्याला ते फार लागतं. ती स्वच्छ कापडी पिशवीत ठेवून, ‘माझ्याजवळ आहे, बाहेर आलात की पहिली हीच घालीन’ असं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा. मधुमेहाच्या रुग्णाचा एकादशीचा उपास डॉक्टरांना विचारूनच. उपास राहिला तर त्या दिवशी एक माळ जास्त.

औषध बंद करा, माझ्यावर सोपवा, असं म्हणणारा कुणीही असो, त्याला दारातूनच परत पाठवा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास नव्हे. देवाचा हात तिथूनही येतो.

सांभाळणाऱ्याचंही बघा. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, नाम घेतानाही जगणं नकोसं वाटतं, अशी अवस्था आली तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. मनाचा आजार हा भक्तीतला उणेपणा नाही.

माणूस गेलंच तर

सुतकात देवपूजा थांबते, नाम थांबत नाही. नामाला काळवेळ नाही हे हरिपाठातच सांगितलेलं आहे. मूर्तीला हात लावायचा नसतो, दिवा शेजारी किंवा भाचा लावतो. नाम मात्र आपलं आपणच घ्यायचं. या दिवसांत एक माळही जड वाटेल. मग पेरांवर एक फेरी करा, बाराच नामं. शब्द फुटत नसतील तर घरातलं दुसरं कुणीतरी म्हणू दे, तुम्ही शेजारी बसून नुसतं ऐका. तेराव्यानंतर पहिल्यांदा दिवा लावाल तेव्हा हात थरथरतील, म्हणून वात आधीच तेलात भिजवून ठेवा आणि कुणाला तरी जवळ उभं करा.