स्नॅच-जर्क करताना खांदा दुखावला तर पुन्हा बारखाली कसं यायचं

स्नॅच म्हणजे वजनाची दांडी (बार) जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणं. क्लीन अँड जर्कमध्ये ती आधी खांद्यांवर घेतात (क्लीन) आणि मग डोक्यावर ढकलतात (जर्क). यात खांद्यात कळ आली की काही लिफ्टर महिनाभर बारला हात लावत नाहीत आणि काही जण दुखणं दाबून तेच वजन उचलत राहतात. दोन्हींत नुकसान आहे. स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी म्हणजे टेंडन. नुसत्या विश्रांतीने ती कमकुवत होते आणि अतिभाराने तिला सावरायला वेळ मिळत नाही. तिला ताकद येते ती मोजून दिलेल्या भाराने. भार बरोबर होता की जास्त झाला, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. खालचं सगळं वेळापत्रक त्या सकाळवर चालतं.

आधी डॉक्टर कधी

खांदा निखळला असेल, त्याचा आकार बदललेला दिसत असेल, हाताला बधिरपणा असेल किंवा सांधा गरम होऊन ताप आला असेल, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. 'कट्' असा आवाज होऊन त्यानंतर हात स्वतःहून वर जात नसेल, पण दुसऱ्याने उचलला तर जात असेल, तर टेंडन पूर्ण तुटल्याची शक्यता असते. चाळिशीनंतर तर जास्तच. अशा वेळी महिने घालवले तर तुटलेलं टोक आत ओढलं जातं आणि शस्त्रक्रिया अवघड होते. निखळलेला खांदा हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका, त्यात नस दुखावते. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब आणि घाम असेल, तर ते हृदयाचं समजा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

हे काहीही नसेल, दुखणं हळूहळू आलं असेल, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला असेल आणि हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात टोचत असेल, तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे. एमआरआयच्या रिपोर्टात 'थोडी झीज' किंवा 'अर्धवट फाट' वाचून हबकू नका. अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही ती सर्रास सापडते.

बिघडतं कुठे

हात डोक्यावर सरळ जातो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश खवाटा, म्हणजे पाठीवरचं चपटं हाड, फिरल्यामुळे मिळतात. सांध्यातला गोळा खोबणीत धरून ठेवायचं काम रोटेटर कफचे चार छोटे स्नायू करतात. वरची पाठ कुबड काढल्यासारखी राहिली तर खवाटा पूर्ण फिरत नाही, बार पुढे राहतो, लिफ्टर तो हातांनी मागे खेचतो आणि सगळा ताण त्या चार स्नायूंवर येतो.

पहिले दोन आठवडे

डोक्यावरचं सगळं, डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकवून अंग खाली-वर करणं), खोल बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीपासून वर ढकलणं) आणि जोर बंद. तालमीतून आलेली मुलं वॉर्मअप म्हणून जोर मारतात, त्यामुळे हे वेगळं सांगावं लागतं. पाय आणि पाठ मात्र चालू ठेवा. बॅक स्क्वॉटला (बार पाठीवर घेऊन बैठक) हात मागे वळवताना दुखत असेल तर फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यांवर पुढे घेऊन बैठक) करा. बारला दोन लिफ्टिंग स्ट्रॅप गुंडाळून त्यांची टोकं धरली की खांद्याला आणि मनगटाला वळावं लागत नाही. हात लोंबता ठेवून दुखत नसेल तर क्लीन पुलही (बार खांद्यावर न घेता जमिनीवरून नुसता वर ओढणं) चालतो.

खांद्यासाठी रोज एकच काम. दाराच्या चौकटीशी उभे राहा, कोपर ९० अंशांत वाकवा, कोपर आणि बरगडी यांच्या मध्ये गुंडाळलेला टॉवेल धरा. हाताची मागची बाजू चौकटीला लावून अर्ध्या ताकदीने बाहेर दाबा. ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबून. मग तळव्याची बाजू लावून तसंच आत दाबा. टॉवेल पडला तर समजा, कोपर भरकटलं आणि कफऐवजी मोठे स्नायू काम करू लागले.

दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. व्यायामात तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या सकाळी बनियन डोक्यावरून काढताना खांदा कालच्याइतकाच किंवा कमी दुखला तर तोच भार ठेवा किंवा थोडा वाढवा. जास्त दुखला तर भार एक तृतीयांश कमी करा, बंद करू नका.

तिसरा ते सहावा आठवडा

आठवड्यातून तीन दिवस. कुशीवर झोपा, दुखरा हात वर, बरगडीशी टॉवेल, आणि एक ते तीन किलोचं डंबेल बाहेर फिरवून तीन सेकंदांत खाली आणा. १५चे तीन सेट. डंबेल नसेल तर लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. इथे पाच किलो उचलायचा मोह होतो. तसं केलं की अंग मागे कलतं आणि कफ सोडून सगळे काम करतात.

सोबत रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) १०चे तीन सेट आणि भिंतीला हात लावून वर सरकवणं. फेस पुलही करा, म्हणजे रबरी बँड चेहऱ्याकडे ओढा; बँड नसेल तर सायकलची ट्यूब उभी कापून घ्या. वरच्या पाठीसाठी गुंडाळलेली सतरंजी खवाट्यांच्या खाली आडवी ठेवून दहा वेळा सावकाश मागे वाका. मग बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक तिरकं वर दाबा, आठचे तीन सेट. तिथे हात पूर्ण उभा होत नाही, म्हणून डोक्यावरच्या वजनाकडे जाणारी ही पहिली पायरी.

पुन्हा डोक्यावर

हात न दुखता सरळ वर जातो आणि दोन्ही बाजूंना तेच डंबेल तितक्याच वेळा फिरतं, तेव्हाच बार डोक्यावर घ्या. तारीख आली म्हणून घेऊ नका. दुखणं आधी जातं, ताकद मागाहून येते. पुन्हा दुखावणारे बहुतेक जण या मधल्या काळात घाई करतात.

जर्कसाठी क्रम: प्रेस (नुसत्या हातांनी), पुश प्रेस (गुडघ्यांचा झटका देऊन), पॉवर जर्क (झटक्यानंतर गुडघे किंचित वाकवून बारखाली जाणं), मग स्प्लिट (एक पाय पुढे, एक मागे). स्नॅचसाठी: काठीने ओव्हरहेड स्क्वॉट (काठी डोक्यावर धरून बैठक), मग १५ किंवा २० किलोचा रिकामा बार, मग हँग पॉवर स्नॅच (बार मांडीपासून उचलून, पूर्ण न बसता), शेवटी पूर्ण स्नॅच. प्रत्येक पायरीवर किमान दोन सत्रं आणि दोन चांगल्या सकाळी. पूर्ण लिफ्टवर आलात की जुन्या वजनाच्या ४० टक्क्यांपासून सुरुवात, आठवड्याला पाच ते दहा टक्के वाढ. डोक्यावरच्या दोन सत्रांमध्ये किमान ४८ तास जाऊ द्या.

बार डोक्यावर असताना 'खवाटे खाली-मागे दाबा' ही सूचना ऐकू नका. ती बेंच प्रेससाठी ठीक आहे. इथे खांदे बारकडे वर ढकलायचे, तरच खवाटा फिरतो. स्नॅचची पकड इतकी रुंद हवी की सरळ उभं राहिल्यावर बार जांघेच्या घडीत बसेल. बार मागे जाऊ लागला तर हात लगेच सोडा. पकडून ठेवण्याच्या एका क्षणात महिन्याची मेहनत जाते.

खांद्याच्या तक्रारीमुळे मीराबाई चानू २०२० मध्ये अमेरिकेत आरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली होती. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला. वरच्या पातळीच्या लिफ्टरलाही खांद्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो.

गोळ्या आणि इंजेक्शन

सत्राआधी वेदनाशामक घेऊ नका. त्याने दुखण्याचे गुण कळत नाहीत आणि तुम्ही अंदाजाने वजन चढवता. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण टेंडन मजबूत होत नाही. घेतलंच तर पुढचे दोन आठवडे जड वजन टाळा. स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) नियमांनुसार अशी सगळी इंजेक्शनं स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत आणि औषध शरीरात काही काळ राहतं. डॉक्टरांना स्पर्धेची तारीख आधी सांगा.

बारा आठवडे नेमाने करूनही रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, किंवा डंबेलचं वजन एक किलोच्या पुढे सरकत नसेल, तर खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. सोबत तुमची वही न्या: कोणत्या दिवशी किती वजन, किती वेळा आणि दुसऱ्या सकाळी किती गुण.