लेकरू खिडकीतून पडू नये म्हणून: कूलर, कापूस आणि ग्रील

विदर्भातल्या गावघरांत खिडकी बारा महिने सारखी राहत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कूलर बसतो, त्याच्यासाठी ग्रीलचा एक भाग कापतात. मृग लागला की कूलर उतरतो आणि दीड-दोन फुटांचं भोक तसंच राहतं. फार तर पुठ्ठा लावतात, नाहीतर जुनी चादर. घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल आणि खोली माडीवर असेल, तर कामाला इथूनच लागा. वेल्डिंगवाल्याकडून त्या भोकाच्या मापाची, उभ्या गजांची सुटी चौकट करून घ्या, नटबोल्टनं बसेल अशी. कूलर उतरेल त्याच दिवशी ती पान्यानं कसायची. "उद्या बसवू" म्हटलं की दिवाळी येते.

आता बाकीच्या खिडक्या. दोन गजांमधली फट १० सें.मी.पेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा कमी हवी. लाकडाचा १० सें.मी.चा चौकोनी ठोकळा घ्या आणि प्रत्येक फटीत घालून पाहा. आरपार गेला तर फट मोठी. नक्षीच्या ग्रीलमध्ये हे हमखास होतं: कडेला पानं-फुलं दाट, मधला गोल मात्र मांजर जाईल एवढा. आख्खं ग्रील बदलायची गरज नाही, मध्ये उभ्या सळया वेल्ड करून घ्या. नवं करणार असाल तर गज उभेच सांगा. आडव्या पट्ट्यांवर पाय देऊन पोरं सरसर वर चढतात.

मच्छरजाळीवर मुळीच भरवसा ठेवू नका. ती डासांसाठी असते, टेकलेल्या लेकराचा भार तिला पेलत नाही. स्लायडिंग खिडकीला ग्रील नसेल, तर निदान पट्टीत स्टॉपर लावून पल्ला १० सें.मी.पेक्षा जास्त सरकणार नाही असं करा. पल्ला वर उचलून पट्टीतून निघतो का, तेही पाहा.

ग्रील पक्कं आहे का, हे बघायची पद्धत सोपी आहे. दोन्ही हातांनी धरायचं आणि अंगाचा भार टाकून मागेपुढे हलवायचं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यांतून भिंतीला तिरप्या भेगा जातात आणि ग्रीलची पकड सुटते. जुन्या सागवानी चौकटीला वाळवी लागली असेल तर स्क्रू नुसते भुशात अडकलेले असतात. अशा ठिकाणी होल्डफास्ट, म्हणजे ग्रीलला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, थेट भिंतीत सिमेंटनं बसवा आणि आठवडाभर पाणी मारा. ही तपासणी वर्षातून दोनदा करा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर.

मग खोलीतलं सामान. दिवाण, पेटी, धान्याची कोठी खिडकीखाली नको, हे बहुतेकांना माहीत असतं. कापसाचं कोणी लक्षात घेत नाही. भाव वाढेल म्हणून कापूस माडीवरच्या खोलीत भरला की ढीग खिडकीच्या कठड्याला लागतो, आणि त्यावर उड्या मारणं हा पोरांचा आवडता खेळ. कापूस खिडकी नसलेल्या भिंतीला लावा आणि खोलीला वरची कडी घाला. सोयाबीन-तुरीच्या पोत्यांची थप्पीही तिकडेच.

कापूस म्हटलं की आगीची भीती आलीच. म्हणून माडीवरच्या एका खिडकीचं ग्रील बिजागरीचं, उघडणारं ठेवा. कुलपाची किल्ली मोठ्यांच्या हाताला लागेल अशा उंच खिळ्यावर, आणि ती जागा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवी.

उन्हाळ्यात स्लॅबवर झोपणाऱ्यांसाठी: कठडा निदान एक मीटर उंच हवा. नसेल तर लेकरांना घेऊन खालीच, अंगणात झोपा.

एवढं करूनही कोणी पडलंच, तर लगेच उचलून खांद्यावर टाकू नका. मान-पाठ न हलवता, आहे तिथेच ठेवून १०८ला फोन करा. लेकरू रडून गप्प झालं, खेळायला लागलं, तरी डॉक्टरांना दाखवा. उलट्या, गुंगी, झटके, कानानाकातून रक्त किंवा पाणी, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी दवाखाना गाठा.