क्रीमवेअरचं खापर ओळखायचं कसं

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला कचऱ्याचा खड्डा उघडला किंवा थेम्सच्या ओहोटीच्या गाळात हात घातला, की सायीच्या रंगाचे गुळगुळीत तुकडे हमखास निघतात. त्यातले बरेचसे क्रीमवेअरचे, म्हणजे शिशाची झिलई दिलेल्या सायीच्या रंगाच्या मातीच्या भांड्यांचे असतात, पण सगळे नाहीत. नुसत्या रंगावर निकाल दिला की फसगत ठरलेली. लोहयुक्त मातीत पडून पांढरं भांडंही पिवळं दिसतं, आणि ऑक्सिजन नसलेल्या काळ्या गाळात शिशाच्या झिलईवर गंधकाची क्रिया होऊन अस्सल क्रीमवेअर काळपट-रुपेरी होतं. म्हणून आधी तुटलेली कड बघायची, मग झिलई साचलेली जागा, मग घाट आणि नक्षी. एकूण रंग सगळ्यात शेवटी.

तुकडा साध्या पाण्यात मऊ टूथब्रशने धुवा. व्हिनेगर, लिंबू, ब्लीच यातलं काहीही लावू नका: आम्लाने शिशाची झिलई खराब होते. झिलईवर रंगकाम दिसत असेल तर त्यावर ब्रश फिरवूच नका, ओल्या कापसाने टिपून घ्या. खाऱ्या पाण्यातला तुकडा असेल तर गोडं पाणी बदलत काही दिवस बुडवून ठेवा. नाहीतर सुकताना आतल्या मिठाचे स्फटिक झिलईचे पोपडे काढतात. सुकवायचं ते सावलीत. मग तुकडा दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवा, हाताशी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी टॉर्च असू द्या. पिवळ्या बल्बखाली हे काम करू नये, सगळंच क्रीमवेअर वाटायला लागतं.

आता कड. क्रीमवेअरचा गाभा डेव्हन-डॉर्सेटकडची फिकट भाजणारी माती आणि भाजून दळलेली गारगोटी यांचा. त्यामुळे तुटलेली कड सायीच्या किंवा अगदी फिकट बदामी रंगाची, बारीक कणांची आणि कोरडी दिसते. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा, तो लगेच आत जिरतो. (जुने हौशी लोक कडेला जीभ लावून पाहतात, गाळ आणि शिसं दोन्ही असल्यामुळे ते करू नका.) थेंब तसाच टिकून राहिला आणि गाभा करडट, घट्ट असला, तर ते पांढरं सॉल्ट-ग्लेझ्ड स्टोनवेअर, म्हणजे मिठाची झिलई दिलेलं घट्ट भाजलेलं भांडं. त्याचा पृष्ठभाग भिंगाखाली संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा दिसतो. कड काचेसारखी चमकली आणि मागून टॉर्च लावल्यावर उजेड आरपार आला, तर पोर्सेलीन. गाभा मऊ, पिवळसर आणि वर जाड, अपारदर्शक पांढरा थर कवचासारखा सुटत असेल, तर तो डेल्फ्टवेअरचा, म्हणजे कथलाच्या झिलईचा तुकडा.

यातून सुटलेला तुकडा क्रीमवेअर, पर्लवेअर किंवा त्यानंतरचं व्हाइटवेअर यांपैकी एक असण्याची शक्यता सर्वांत जास्त. खरी कसोटी इथे लागते. बुडाखालचं कडं बशीला जिथे मिळतं तो कोपरा, कान जिथे चिकटवला आहे तो सांधा, नक्षीच्या खाचा, अशा ठिकाणी झिलई जाड साचते आणि आपला खरा रंग दाखवते. क्रीमवेअरमध्ये ती हिरवट-पिवळी दिसते, कारण झिलईत आणि मातीत किंचित लोह असतं. हीच पिवळसर झाक मारण्यासाठी पर्लवेअरच्या झिलईत कोबाल्ट घालत, म्हणून तिथे साचलेली झिलई निळसर. व्हाइटवेअरमध्ये बहुधा दोन्ही झाका नसतात. ज्या तुकड्यावर असा एकही कोपरा नाही, म्हणजे बशीच्या मधला सपाट तुकडा, त्याची नोंद ‘बहुधा क्रीमवेअर’ एवढीच करावी. नखाएवढ्या सपाट तुकड्यावर छातीठोक शिक्का मारणारा माणूस अंदाजच करत असतो.

काळ लावायला थोडा इतिहास लागतो. 1740च्या दशकात स्टॅफर्डशरमध्ये, टनस्टॉलचे कुंभार ईनॉक बूथ यांच्या नावाशी जोडलेली, दोनदा भाजण्याची रीत रूढ झाली: आधी कोरं भांडं भाजायचं, मग पातळ शिशाच्या झिलईत बुडवून पुन्हा भट्टीत घालायचं. त्याच गाभ्यावर झिलईखाली तपकिरी, हिरवे, करडे ढगाळ डाग उठवलेली कासवपाठी भांडी 1750 ते 1775च्या सुमाराची. व्हील्डन या कुंभाराचं नाव त्यांना चिकटलं असलं तरी ती अनेकांनी बनवली. तिथलेच कुंभार जोसाया वेजवुड यांनी 1760च्या दशकाच्या सुरुवातीला साधा सायीचा रंग एकसारखा आणि भरवशाचा केला, आणि 1765मध्ये राणी शार्लटची चहाच्या संचाची ऑर्डर मिळाल्यावर त्याला ‘क्वीन्सवेअर’ म्हणायला लागले. पुढे कॉर्नवॉलची चिनीमाती वापरात आली तसा गाभा फिका होत गेला. म्हणून गडद, लोणकढ्या तुपासारखा पिवळा तुकडा साधारण 1775च्या आधीच्या बाजूला आणि फिका त्यानंतरच्या बाजूला ठेवतात. पण हा कल आहे, नियम नाही. एकाच भट्टीतली दोन भांडीही रंगाने वेगळी निघत. उत्खननाच्या अहवालांत क्रीमवेअरसाठी 1762 ते 1820 हा पट्टा सर्रास धरला जातो.

काठाचा तुकडा मिळाला तर नशीब चांगलं. पिसाच्या दातांसारख्या बारीक वाकड्या रेषांच्या जुडग्यांनी उठाव दिलेला ‘फेदर एज’ 1760च्या दशकाच्या मध्यापासून दिसतो. रॉयल आणि क्वीन्स या घाटांत काठाची रेषाच कमानीकमानींची असते. साधा, नक्षी नसलेला काठ बराच काळ चालला, त्यावरून काळ सांगता येत नाही. एक फसवणूक इथे नेहमी होते: ठिपके, जाळी आणि टोपलीची वीण असलेला उठावाचा काठ दिसला की लोक डोळे झाकून स्टोनवेअर लिहितात. तेच साचे सुरुवातीच्या क्रीमवेअरलाही वापरले गेले, तेव्हा काठ पाहूनही थेंबाची परीक्षा सोडू नका. निळा किंवा हिरवा रंग दिलेला शिंपलीचा काठ मात्र बहुतेक वेळा पर्लवेअर निघतो. काठाची गोलाई एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर बसवून व्यास काढा. पूर्ण वर्तुळाच्या 5 टक्क्यांहून कमी कड शिल्लक असेल तर तो आकडा लिहू नये.

चहाच्या किटलीचे कान बऱ्याचदा दोन पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेले असतात आणि टोकाला पानं-फुलं चिकटवलेली. असा सांधा सापडला तर मोठा दुवा. बशीच्या काठाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे किंवा खळगे दिसतात. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये ठेवलेल्या टोकदार टेकूंच्या या खुणा. तो दोष नाही.

रंगकाम झिलईवर आहे की खाली, हे टॉर्च अगदी आडवी धरून पाहा. वरचं रंगकाम वापराने आणि मातीने झिजतं. रंग उडाला तरी चमक गेलेली पुसट आकृती तिरप्या उजेडात उमटते. उभ्या उजेडात तोच तुकडा कोरा वाटून ‘साधा’ म्हणून पेटीत जातो, आणि अशा चुका पुन्हा कुणी तपासत नाही. काळं किंवा विटकरी छापील चित्र असेल तर लिव्हरपूलचे छपाईवाले सॅडलर आणि ग्रीन यांची आठवण ठेवा: 1760च्या दशकाच्या सुरुवातीपासून वेजवुडची भांडी छपाईसाठी त्यांच्याकडे जात. पण छापणारे ते एकटेच नव्हते.

बुडावर शिक्का नसणं हीच सामान्य गोष्ट. ‘वेजवुड’ असा दाबलेला शिक्का मिळाला तर उत्तम, मात्र सोबत ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर भांडं 1891च्या सुमारास किंवा त्यानंतरचं, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘लीड्स पॉटरी’चा शिक्का त्याहून फसवा: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्यात जुन्या साच्यांच्या नकला त्याच शिक्क्याने झाल्या. शिक्का नसलेल्या तुकड्यावरून कारखाना ठरवू नका. स्टॅफर्डशर, यॉर्कशर, लिव्हरपूल, ब्रिस्टल, स्वॉन्झी सगळीकडे हाच माल होत होता.

तुकड्याचा काळ आणि तो ज्या मातीच्या थरात सापडला त्या थराचा काळ वेगळे. समजा खड्ड्यात चाळीस तुकडे क्रीमवेअरचे आणि एकच निळसर झिलईचा पर्लवेअरचा निघाला. पर्लवेअर 1770च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं, म्हणून तो एक तुकडा अख्ख्या थराला त्यानंतर ढकलतो, क्रीमवेअर कितीही गडद असो. मात्र तो वरून उंदराच्या बिळातून घसरलेला नाही ना, हे थर उतरवतानाच पाहावं लागतं. शिवाय भांडं विकत घेतलं आणि फुटलं यात वर्षं जातात. जेवणाच्या बशीपेक्षा शोभेचा बाऊल जास्त टिकतो. एकोणिसाव्या शतकात ‘सी. सी.’ (क्रीम कलर) नावाने विकला जाणारा साधा माल सर्वांत स्वस्त होता, आणि तो हळूहळू पांढरा होत गेल्यामुळे 1820 नंतरचे तुकडे वेगळे काढणं अवघड जातं.

नोंदीत थर, गाभ्याचा रंग, साचलेल्या झिलईचा रंग, भांड्याचा भाग, नक्षी, व्यास, वजन आणि खात्रीची पातळी लिहा. किमान किती भांडी होती ते फक्त काठ किंवा फक्त बूड मोजून काढा. दोन्ही मिळवले तर आकडा फुगतो.

थेम्सच्या काठावर नुसतं शोधायलाही पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. भारतात कंपनीच्या काळातल्या वस्तीच्या ठिकाणी असा तुकडा दिसला तर संरक्षित स्मारकाच्या परिसरातून तो उचलू नका. जागेवरच पट्टी ठेवून फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू 1972च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.