परीक्षेचं वेळापत्रक आणि लोकल सर्च: प्रोजेक्टला हात घालण्याआधी

परीक्षेच्या वेळापत्रकावर लोकल सर्चने (तयार वेळापत्रकात छोटे बदल करत ते सुधारत नेण्याची पद्धत) प्रोजेक्ट करायचं ठरलं की आपल्याच विद्यापीठाचा डेटा मागायचा मोह होतो. तूर्तास तो आवरा. कोण कुठला पेपर देतो ही यादी मिळाली तरी आपलं उत्तर बरं की वाईट, हे ताडायला समोर काहीच नसतं. कार्टर, लापोर्ट आणि ली यांच्या १९९६च्या कामातले टोरांटो संचाचे (पद्धतींची तुलना करायला वापरतात तो परीक्षांचा डेटा) १३ नमुने घ्या. मी हेक-एस-९२ घेतला होता: ८१ पेपर, २८२३ विद्यार्थी, १८ स्लॉट (परीक्षेच्या वेळा). एकाच नावाच्या दोन आवृत्त्या फिरतात, तेव्हा हे आकडे आधी जुळवून बघा.

एका विद्यार्थ्याचे दोन पेपर एकाच स्लॉटमध्ये नकोत, हा पक्का नियम; असे सामाईक विद्यार्थी असलेल्या पेपरांची टक्कर आहे असं म्हणू. लागोपाठच्या स्लॉटमध्ये आले तर दंड १६, अंतर वाढेल तसा ८, ४, २, १. एकूण दंडाला विद्यार्थीसंख्येने भागायचं; हा आकडा जितका कमी, तितकं वेळापत्रक बरं. पहिलं वेळापत्रक रचताना ज्या पेपरला सगळ्यात कमी स्लॉट उरलेत तो आधी बसवा.

लोकल सर्चच्या पद्धतींपैकी सिम्युलेटेड अनीलिंग (वाईट बदलही कधीकधी स्वीकारणारी, हळूहळू कडक होणारी) घ्यावं की टाबू सर्च (नुकतेच केलेले बदल काही काळ उलटवू न देणारी), यावर नवी मुलं आठवडे घालवतात. माझ्या मते खरी मेख चालीत, म्हणजे दर वेळी वेळापत्रकात कोणता बदल करता त्यात आहे. एकच पेपर उचलून दुसरीकडे ठेवायला गेलात की बहुतेकदा टक्कर होते आणि शोध जागीच अडतो. इथे केम्पे साखळी कामाला येते. समजा, गणित चौथ्या स्लॉटमधून नवव्यात न्यायचंय. तिथल्या भौतिकशास्त्राशी त्याची टक्कर आहे, म्हणून भौतिकशास्त्र चौथ्यात आणा. ते चौथ्यातल्या सांख्यिकीला नडतं, म्हणून सांख्यिकी नवव्यात. टक्कर संपेपर्यंत असंच चालू. वेळापत्रक नियमात राहतं आणि बरंच हलतंही.

दर चालीला सगळा दंड नव्याने मोजू नका. हललेल्या पेपरांचा आणि त्यांच्या टकरीतल्या पेपरांचा फरक तेवढा काढा. प्रोग्रॅमचा वेग खरा इथे वाढतो. अधूनमधून पूर्ण बेरीज करून पडताळा मात्र घ्या.

एवढं जमलं की मग आपल्याकडचा डेटा. एटीकेटीवाले विद्यार्थी मागच्या सेमिस्टरचे पेपरही देतात, त्यामुळे एरवी एकमेकांशी संबंध नसलेले विषय टकरीत येतात. शिवाय टोरांटोच्या मूळ मांडणीत खोल्यांची क्षमता मोजतच नाहीत. परीक्षा विभाग मात्र पहिला प्रश्न बाकांचाच विचारतो.