डोंगरातली लांब पल्ल्याची सायकल स्पर्धा पूर्ण करताना

डोंगराळ मार्गावरची स्पर्धा पूर्ण करू इच्छिणाऱ्या हौशी सायकलस्वाराने अंतराआधी एकूण चढाईचा आकडा पाहावा, कारण सपाट रस्त्यावरचे १०० किलोमीटर आणि २,५०० मीटर चढाईचे १०० किलोमीटर यांची तुलनाच होऊ शकत नाही. तयारीला किमान चार महिने द्यावेत आणि आठवड्यातून एकदा तरी चार-पाच तासांची सलग फेरी करावी.

गिअरबाबत संकोच नको. पुढे ३४ आणि मागेही ३४ दातांची चकती असली, तर आठ टक्क्यांच्या चढावरही पाय मिनिटाला ७० फेऱ्यांच्या आसपास फिरते ठेवता येतात व गुडघ्यांवरचा ताण कमी होतो.

माझ्या मते बहुतेकांचा घात पहिल्याच चढावर होतो. ताज्या पायांच्या भरवशावर इतरांच्या मागे धावल्याने स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, लवकर संपते, म्हणून दम न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग तिथे ठेवावा. भुकेची वाट न पाहता तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत; पोटाला ही सवय सरावातच लावावी.

माथ्यावर थांबून विंडचीटर घालावा, कारण घामाने भिजलेले अंग उतारावर झपाट्याने गारठते आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाहीत.