मध्यम हॅचबॅक घेताय? आधी मागच्या सीटवर बसा, आणि या चुका टाळा

आमची पहिली फॅमिली हॅचबॅक मी पसंत केली, त्या दिवशी तिच्या मागच्या सीटवर मी बसलोच नव्हतो. स्टिअरिंगमागे बसलो, सीट हवी तशी सरकवली, दोन चौक फिरून आलो, पिकअप बघून खूश झालो. गाडी घरी आली, मुलाची मागे तोंड करून बसवायची सीट लावायला घेतली आणि लक्षात आलं, ती बसवायची तर पुढची सीट इतकी पुढे न्यावी लागते की शेजारी बसणाऱ्या बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. ती गाडी आम्ही सहा वर्षं वापरली. सहाही वर्षं बायको मागेच बसली.

तेव्हापासून कुणी गाडीबद्दल विचारलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आधी मागे बसून बघा. या वर्गातल्या गाड्या चालवायला बहुतेक बऱ्याच असतात. फसायला होतं ते मागच्या सीटवर, डिकीत आणि कागदावरच्या आकड्यांत.

एकट्याने ट्रायल घेणं

ट्रायलला घरातली सगळी माणसं न्या. शक्य नसेल तर निदान सर्वांत उंच माणूस आणि मुलाची सीट तरी न्याच. पुढची सीट तुमच्या उंचीप्रमाणे लावा, मग उतरून बरोबर तिच्याच मागे बसा. गुडघ्यांना जागा आहे का, हे सगळेच बघतात. पावलं पुढच्या सीटखाली सरकतात का आणि मांडीला आधार मिळतो का, हे बघायचं राहून जातं. मांडी अधांतरी राहिली तर तासाभराच्या प्रवासात पाय अवघडतात.

मधल्या जागेवर मोठ्या माणसाला बसवून बघा. तिथे खाली बोगद्यासारखा उंचवटा असतो, पाय दोन्हीकडे फाकवून बसावं लागतं, आणि पाठीमागे बऱ्याचदा घडीचा आर्मरेस्ट टोचतो. "पाच सीटर" म्हणजे कागदावर पाच. तीन मोठी माणसं रोज मागे बसणार असतील, तर खांद्यांच्या पातळीवरची रुंदी टेपने मोजूनच पुढे बोला.

मुलांच्या सीटचं प्रकरण थोडं किचकट आहे. आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायच्या पक्क्या कड्या, बहुतेक गाड्यांत मागच्या दोन बाजूच्या जागांवरच असतात, मध्ये नसतात. काही सीट्सना वरून पट्टा बांधावा लागतो, काहींना पुढे टेकूचा पाय असतो. तो पाय जिथे टेकतो तिथे फरशीखाली पोकळ कप्पा असेल, तर सीट तिथे वापरू नये असं गाडीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. आणि मागे तोंड असलेली सीट पुढे लावायचीच वेळ आली, तर त्या बाजूची एअरबॅग बंद करता येते का, हेही आधी विचारा. ती चालू असताना तशी सीट तिथे लावणं जिवावर बेतू शकतं.

आजी-आजोबा असतील तर दार किती उघडतं आणि छताची कड डोक्याला लागते का, हे त्यांनाच बसवून बघा. मागे उतरत जाणारं छत फोटोत छान दिसतं. आत वाकून शिरताना मात्र ते मानेला कळतं.

डिकीचे लिटर वाचून समाधान मानणं

डिकीची क्षमता मोजायची एक प्रचलित पद्धत आहे: 200 × 100 × 50 मिमीचे, म्हणजे प्रत्येकी एक लिटरचे ठोकळे आत रचायचे आणि मोजायचे. पण हे ठोकळे कोपऱ्याकपाऱ्यांत आणि कधी फरशीखालच्या कप्प्यातही मावतात, तुमची मोठी सूटकेस मावत नाही. म्हणून स्वतःची बॅग किंवा घडीची बाबागाडी घेऊन जा आणि ट्रे जागेवर ठेवून दार लावून बघा.

दुसरी गोम अशी की एकाच मॉडेलची डिकी इंजिनाप्रमाणे बदलते. 2019 च्या सुमारास आलेल्या टोयोटा कोरोला हॅचबॅकची युरोपातली 1.8 लिटर हायब्रिड 361 लिटरची, तर 2.0 लिटरवाली 313 लिटरची. आठव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फची साधी आवृत्ती सुमारे 380 लिटर देते, प्लगला लावून चार्ज करायची हायब्रिड जेमतेम 270 च्या आसपास. जाहिरातीत झळकतो तो आकडा तुमच्याच इंजिनाचा आहे का, एवढं तपासा.

डिकीची फरशी उचलून खाली काय आहे तेही बघा. पुष्कळ गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि छोटा पंप असतो. खिळ्याच्या भोकाला तो चालतो, टायरची बाजू फाटली तर काही उपयोगाचा नाही. शिवाय त्या बाटलीला मुदत असते, आणि ती संपली की नाही हे बघायचं कुणाला सुचत नाही.

"मध्यम" या शब्दावर विसंबणं

1974 साली पहिली गोल्फ आली तेव्हा ती सुमारे 3.7 मीटर लांब होती. आजची सुमारे 4.3 मीटर आहे, आणि आरसे धरून तिची रुंदी 2 मीटरच्या वर जाते. कागदावर 1.79 मीटर छापतात ती आरशांशिवायची. पार्किंगची जागा, फाटक आणि खांबांमधलं अंतर मोजताना आरसे धरा, आणि शेजारची गाडी उभी असताना मागचं दार किती उघडेल तेही.

सुरक्षेचे तारे मोजणं, वर्ष न बघणं

युरो एनकॅप ही गाड्या धडकवून त्यांची सुरक्षा तपासणारी आणि तारे देणारी युरोपातली संस्था. तिच्या चाचण्यांची पातळी वर्षागणिक कठीण होत गेली. फियाटची ग्रँडे पुंटो (ही एक पायरी लहान गाडी) 2005 मध्ये पाच तारे घेऊन आली होती. मूळची तीच गाडी पुंटो नावाने विकली जात असताना 2017 मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा शून्य तारे मिळाले. पाच तारे दिसले की चाचणीचं वर्ष विचारा, आणि ज्या उपकरणांवर ते मिळाले ती तुमच्या व्हेरियंटमध्ये आहेत का तेही.

इंजिन, गिअरबॉक्स आणि मोठी चाकं

छोट्या प्रवासांसाठी डिझेल घेणं ही अजूनही होणारी चूक. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी त्याला सुमारे 600 अंश तापमान आणि काही वेळ सलग धावणं लागतं. रोज शाळा-ऑफिस असं चार-चार किलोमीटर फिरलात तर तो तुंबतो. दिवा पेटला तरी दुर्लक्ष केलंत, तर पुढे तो बदलायचाच खर्च येतो.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमध्ये आत खरोखरचे दोन क्लच असतात. त्यातल्या कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचच्या प्रकाराला मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या ट्रॅफिकचा त्रास होतो. ट्रायलमध्ये चढावर थांबून हळू निघून बघा, गाडी थरथरते का. तुमचा बहुतेक वेळ कोंडीतच जाणार असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी द्रवातून ताकद पोचवणारा) ऑटोमॅटिक किंवा हायब्रिड बरा, असं माझं मत.

चाकांबद्दल थोडक्यात: 18 इंची चाकं शोभेची, 16 इंची पाठीच्या कण्याची.

जुनी गाडी: लक्षण बघा, कारण ओळखा

इथे मात्र घाई नको. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर कुणीतरी काहीतरी लपवतंय असं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची तयारी ठेवा. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू होताना दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेनकडे, म्हणजे इंजिनातले भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीकडे लक्ष द्या. साखळीऐवजी बेल्ट असेल तर तो केव्हा बदलला त्याची पावती मागा, तोंडी उत्तर पुरत नाही.

सायलेन्सरकडे बघा. थंडीत सुरुवातीला निघणारी विरळ पांढरी वाफ साधीच असते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत असेल, तर कूलंट इंजिनात जळतंय, बहुधा हेड गॅस्केट गेलेलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन प्रमाणापेक्षा जास्त जातंय.

मग चालवायला घ्या, रेडिओ बंद करून. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि इंजिनाचा आवाज चढला पण गाडी मागेच राहिली, तर क्लच घसरतोय. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्कवर संशय घ्या. ठरावीक वेगालाच, साधारण 80 ते 100 च्या दरम्यान, हादरे आले आणि पुढे कमी झाले, तर बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंगच असतं. ते स्वस्तात सुटतं, त्यावरून घासाघीस जरूर करा, गाडी नाकारू नका. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. टक-टक-टक आलं तर ड्राइव्हशाफ्टचा बाहेरचा जॉइंट झिजला आहे.

टायर तर गाडीची डायरीच असते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवून चालवलेली, फक्त मध्य झिजला तर जास्त भरलेली. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं, किंवा कुठेतरी जोरात आपटलेली. खड्डे-खड्डे झिजलेला टायर शॉकअब्सॉर्बरकडे बोट दाखवतो. टायरच्या बाजूवर डॉट खुणेशेजारी चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. गाडी "फार कमी चाललेली" आणि चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे, असं दिसलं तर मी शांतपणे पुढचा प्रश्न विचारतो.

हॅचबॅकचं म्हणून एक खास दुखणं: डिकीतलं पाणी. गालिचा उचला, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. ओल किंवा गंज असेल तर मागच्या दिव्यांची सील, दाराचं रबर किंवा छतातून जाणाऱ्या वायरींची रबरी नळी गळते. पुढच्या पायाखाली ओल असेल तर बऱ्याचदा एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते, आणि ती साफ करणं सोपं. रंग नवा, रबर नवं आणि एकाच दिव्याची काच चकचकीत असेल, तर मागून ठोकर बसली होती का, ते स्पष्ट विचारा.

शेवटचं, ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं यंत्र. एरर नाही एवढ्यावर भुलू नका, ती पुसता येते. पण पुसली की गाडीच्या अंतर्गत तपासण्या "अपूर्ण" दाखवतात, आणि काही दिवस नीट चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. तुम्ही येणार म्हणून काल संध्याकाळी काय पुसलं गेलं, ते तिथे दिसतं.

घेतल्यावर लगेच होणारी एक चूक

पाच माणसं आणि सामान भरून पहिल्या सुट्टीला निघालात आणि गाडी मागे बसल्यासारखी, डुलणारी वाटली, की लोक थेट शॉकअब्सॉर्बर बदलायला नेतात. त्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं किंवा इंधनाच्या झाकणामागचं स्टिकर वाचा. त्यावर हवेचे दोन आकडे असतात, रोजच्या वापराचा आणि पूर्ण भाराचा, आणि मागच्या टायरांचा दुसरा आकडा बराच जास्त असतो. आमच्या त्या गाडीचं स्टिकर मी पहिल्यांदा वाचलं ते तिसऱ्या वर्षी.